अंतराची किंमत

केंब्रिजमधील एका धर्मादाय संस्थेने शाळकरी मुलांसाठी घडविलेला ‘रास्पबेरी पाय’ हा छोटेखानी संगणक २०१२ मध्ये ३५ डॉलरना बाजारात आला. तेव्हापासून स्वस्त संगणनाचे युग अवतरल्याचे आपण ऐकत आहोत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट जवळ असणाऱ्यास ते खरेही वाटेल. तवांग, लेह वा निकोबारमधील विद्यार्थ्याचा हिशेब मात्र निराळा आहे.

नुसता बोर्ड आणून भागत नाही. अडॅप्टर, मेमरी कार्ड, केबल, सेन्सर हे सारे लागते. दहा-वीस रुपयांच्या सुट्या भागाला टपालखर्चच त्याच्या किमतीहून अधिक पडतो. माल परदेशातून मागविला, तर आयातकर केवळ वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर भाडे व विमा मिळवून होणाऱ्या मूल्यावर आकारला जातो. म्हणजे अंतरावरही कर भरावा लागतो.

याहून मोठा खर्च वेळेचा. चेन्नईहून अंदमानला जहाजाने सुमारे तीन दिवस लागतात. निकोबार त्याच्याही पलीकडे. हिवाळ्यात जोजिलासह घाटरस्ते बंद झाले, की लेहची भिस्त विमानावर राहते आणि लिथियम बॅटरीच्या हवाई वाहतुकीवर कडक निर्बंध आहेत. चुकीचा वा सदोष भाग मुंबईत त्याच संध्याकाळी बदलून मिळतो. दुर्गम भागात तेवढ्यात सत्र संपते. म्हणून तेथील जाणता शिक्षक प्रत्येक वस्तू दोन-दोन मागवितो. ही दुप्पट खरेदी कोणत्याही किंमतपत्रकात दिसत नाही.

शासनाने २०१६ मध्ये अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना आखली. प्रत्येक शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरले. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५०,००० प्रयोगशाळांची घोषणा झाली. हेतू स्तुत्य आहे; परंतु पुण्याला आणि तवांगला सारखीच रक्कम देणे म्हणजे सारखीच संधी देणे नव्हे.

हा प्रश्न आपल्या इतिहासाला नवा नाही. १८५४ मध्ये पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा हा दर देशभर लागू झाला, अंतर कितीही असो. पुढे पोलादासाठी भाडे-समानीकरण आले. त्याने मात्र बिहार, ओडिशासारख्या खनिजसंपन्न प्रांतांचा नैसर्गिक लाभ हिरावला. समानीकरणाचा भार कोणावर पडतो, हे पाहिलेच पाहिजे, हा त्यातील धडा. काही ग्रॅम वजनाच्या शैक्षणिक सुट्या भागांनी कोणत्याही प्रांताचे नुकसान होणार नाही. येथे १८५४ चे तत्त्वच उपयोगी आहे.

तेव्हा तीन गोष्टी कराव्यात. शैक्षणिक इलेक्ट्रॉनिक साहित्यासाठी टपालखात्याने अंतरनिरपेक्ष सवलतीचा दर ठेवावा. ईशान्य भारत, लडाख व बेटांवरील आयटीआय किंवा पॉलिटेक्निकमध्ये सुट्या भागांचा साठा असावा. तेथे सदोष भाग बदलून मिळावा. आणि अनुदान ठरविताना वाहतूक व राखीव भाग यांचा खर्च स्वतंत्रपणे धरावा.

यासाठी लागणारी रक्कम मोठी नाही. ती न खर्चिल्यास मात्र कुलूपबंद कपाटांतील धूळ खाणाऱ्या संचांची गणना आपण ‘उद्दिष्टपूर्ती’त करीत राहू आणि ज्यांच्यासाठी ते आणले, ती मुले दुसऱ्यांनी बनविलेल्या वस्तूंची केवळ ग्राहक होतील.