पेनड्राइव्ह, पासवर्ड आणि आपली जबाबदारी



गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी माझ्यावर जी वेळ आली, ती तुमच्यावर येऊ नये म्हणून हा लेख.

१ मे ला निकाल द्यायचा होता. वर्गातल्या चौतीस मुलांच्या वर्णनात्मक नोंदी घरच्या संगणकावर टाइप केल्या, पेनड्राइव्हमध्ये घेतल्या आणि झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला गेलो. सतरा मुलांच्या प्रिंट निघाल्या आणि लाइट गेली. उरलेल्या उद्या काढू म्हणून घरी आलो. पेनड्राइव्ह लावला तर सगळ्या फोल्डरवर छोटे बाण आलेले. एकावर क्लिक केलं, फोल्डर उघडलं. मला वाटलं, ठीक आहे. दुसऱ्या दिवशी घरच्या संगणकावरच्या फोल्डरवरही तेच बाण!

घाबरून दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो म्हणाला, "सर, व्हायरस आहे. दोन्ही फॉरमॅट करावं लागेल." मी मान डोलावली. सतरा मुलांच्या नोंदी दोन रात्री जागून पुन्हा लिहिल्या.

नंतर कळलं की माझ्या फाइल गेल्याच नव्हत्या. या 'शॉर्टकट व्हायरस'ची रीतच अशी की तो खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे बाणवाले शॉर्टकट समोर ठेवतो. आपण क्लिक केलं की आधी व्हायरस चालू होतो, मग फोल्डरही उघडतो, म्हणजे आपल्याला शंका यायला नको. व्हायरस काढून 'लपवलेल्या फाइल दाखवा' ही सेटिंग चालू केली असती, तर बहुतेक सगळं परत मिळालं असतं. फॉरमॅट करायला सांगून मीच ते पुसून टाकलं.

खरी काळजी वेगळीच होती

त्याच पेनड्राइव्हमध्ये आणखी एक फाइल होती. वर्गाची यादी. मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल नंबर, काहींचे बँक खाते क्रमांक. ऑनलाइन माहिती भरण्यासाठी आपण सगळेच अशी यादी करून ठेवतो. ती त्या दुकानातल्या संगणकावर राहिली का, कुणी कॉपी केली का, हे मला आजही सांगता येत नाही. नोंदी मी पुन्हा लिहिल्या, पण ती यादी परत कशी आणणार?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की घरचा संगणक सुरक्षित ठेवणं हा आता आवडीचा किंवा 'टेक्नोसॅव्ही' शिक्षकांचा विषय राहिलेला नाही. पालकांनी विश्वासाने दिलेल्या माहितीची ती राखण आहे. शाळेचं दप्तर आपण कपाटात कुलूप लावून ठेवतो ना? मग तेच दप्तर संगणकात असताना उघडं का टाकायचं?

शत्रू कोण, हे आधी ओळखू

व्हायरस म्हणजे दुसऱ्या फाइलला चिकटून पसरणारा, नुकसान करणारा प्रोग्रॅम. स्पायवेअर म्हणजे गुपचूप हेरगिरी करणारा. आपण कीबोर्डवर काय टाइप करतो, कोणता पासवर्ड टाकतो, ते टिपून तो दुसरीकडे पाठवतो. संगणक नेहमीसारखा चालत राहतो, त्यामुळे पत्ताच लागत नाही. रॅन्समवेअर आपल्या फाइल कुलूपबंद करून खंडणी मागतो. आणि हॅकर म्हटलं की आपल्याला सिनेमातला टोपीवाला मुलगा आठवतो, पण प्रत्यक्षात बरेचदा तो फक्त फोन करतो आणि आपणच त्याला दार उघडतो!

मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस ईमेलमधून जगभर पसरला. प्रेमपत्र आलंय असं समजून लोकांनी फाइल उघडली. ती साधी मजकुराची फाइल वाटत होती, कारण नावाचा शेवटचा, खरा भाग विंडोज दाखवतच नव्हतं. आजही तीच युक्ती चालते. 'निकाल पीडीएफ' अशा नावाच्या फाइलच्या शेवटी 'ईएक्सई' असेल तर ती पीडीएफ नाही, चालू होणारा प्रोग्रॅम आहे. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन फाइलचं पूर्ण नाव दिसेल अशी सेटिंग आजच करा. एक मिनिटाचं काम आहे.

दुसरं उदाहरण १२ मे २०१७ चं, 'वॉनाक्राय' रॅन्समवेअरचं. दीडशेच्या आसपास देशांतले लाखो संगणक अडकले. ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. आणि ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता! ज्यांनी तो घेतला नव्हता ते अडकले. 'अपडेट नंतर करू' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

मग करायचं काय?

१. अपडेट टाळू नका. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आपल्या घरी तेच असेल आणि संगणक ११ साठी जुना पडत असेल, तर निदान त्यावर बँकेचं काम आणि मुलांची माहिती ठेवणं थांबवा.

२. चोरीचं सॉफ्टवेअर काढा. हे लिहिताना मला अवघड वाटतं, कारण माझ्याकडेही होतं. 'ॲक्टिव्हेटर' चालवायच्या आधी तो अँटिव्हायरस बंद करायला सांगतो. म्हणजे चोराने सांगायचं की कुत्रा बांधून ठेवा, आणि आपण बांधायचा! वर्गात प्रामाणिकपणाचा पाठ शिकवणाऱ्या आपण लिबरऑफिससारखं मोफत आणि कायदेशीर सॉफ्टवेअर का वापरू नये? केरळमधल्या सरकारी शाळा कितीतरी वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. तिथल्या मुलांचं काही अडत नाही.

३. अँटिव्हायरस एकच ठेवा, पण चालू ठेवा. विंडोज १० आणि ११ मध्ये 'डिफेंडर' आधीपासून असतो. दोन-तीन अँटिव्हायरस टाकले की संगणक फक्त मंद होतो. शंका आली तर केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'ची मोफत साधनंही आहेत.

४. दुकानासाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवा. त्यात फक्त प्रिंट काढायची पीडीएफ घ्या, दुसरं काहीही नाही. घरी आल्यावर उघडण्याआधी स्कॅन करा. दुकानातल्या संगणकावर शाळेचं किंवा बँकेचं लॉगिन करूच नका.

५. यादीला कुलूप लावा. एक्सेलच्या फाइलला पासवर्ड देता येतो. जिथे चालत असेल तिथे आधारचे शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत वापरा. काम संपलं की जास्तीच्या प्रती पुसा.

६. पासवर्ड भिंतीवर नको. शाळेचा यू-डायस क्रमांक किंवा '१२३४५' हा पासवर्ड नव्हे. चार असंबद्ध शब्द जोडले तरी लांब आणि लक्षात राहणारा पासवर्ड होतो. ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा.

७. एक प्रत वेगळी ठेवा. महत्त्वाच्या फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर घेऊन तो काढून कपाटात ठेवा. लावूनच ठेवला तर रॅन्समवेअर त्यालाही गिळतो.

पालकांसाठी दोन शब्द

घरात मुलांसाठी वेगळं खातं करा आणि त्याला 'ॲडमिनिस्ट्रेटर'चे अधिकार देऊ नका. मग गेमचा फुकटचा 'मॉड' इन्स्टॉल करायला बरेचदा पासवर्ड लागेल आणि मूल तुमच्याकडे येईल. आलं की रागावू नका. हे मी शिक्षक म्हणून मुद्दाम सांगतो. जे मूल ओरडा खाईल या भीतीने चुकीचा क्लिक लपवतं, त्याच्या घरात व्हायरस सगळ्यात जास्त दिवस राहतो.

'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असा संदेश पडद्यावर आला तर फोन करू नका. कुणी मदतीच्या नावाखाली संगणकाचा ताबा देणारं ॲप टाकायला सांगितलं तर टाकू नका. ओटीपी तर कुणालाच नाही, शाळेतून बोलतोय म्हणाला तरी नाही. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नका, लगेच १९३० वर कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

शेवटी

कुणी म्हणेल, सर, ऑनलाइन कामं देताना आम्हाला ना संगणक दिला, ना प्रशिक्षण. खरं आहे. घरचा संगणक, घरचं इंटरनेट आणि पदरमोड करून आपण हे करतो. त्याबद्दल बोलायलाच हवं, केंद्रातल्या शिक्षण परिषदेत हा विषय घ्यायलाच हवा. पण तोपर्यंत ती यादी माझ्या आणि तुमच्या संगणकात आहे, आणि त्यातल्या मुलांनी आपल्याला 'गुरुजी' आणि 'बाई' म्हटलेलं आहे.

मी परवा माझ्या वर्गाची यादी उघडली, पासवर्ड दिला आणि चार जुन्या प्रती पुसल्या. वीस मिनिटं लागली. आज शाळेतून घरी गेलात की तुम्हीही तेवढा वेळ काढा.