नाव एकाचे, उड्डाण दुसऱ्याचे

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोकडे निघालेले एक प्रवासी विमान, उतरण्याच्या बेतात असतानाच, क्लॅरेन्स सेंटर या वस्तीतील एका घरावर कोसळले. विमानातील ४९ आणि घरातील एक अशा ५० जणांचा बळी गेला. विमानावर नाव होते कॉन्टिनेन्टलचे; तिकिटेही विकली होती कॉन्टिनेन्टलने; परंतु ते चालविणारे वैमानिक मात्र कोल्गन एअर या प्रादेशिक कंपनीचे नोकर होते. पैसे एकाच्या हाती देऊन जीव दुसऱ्याच्या हाती सोपविला जातो, या गोष्टीची जाणीव सर्वसामान्य अमेरिकन प्रवाशाला बहुधा त्या दिवशी प्रथम झाली.

चौकशीत जे बाहेर आले ते अधिक अस्वस्थ करणारे होते. तरुण सहवैमानिक आदल्या रात्री सिॲटलकडून देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विमानांतून प्रवास करीत कामावर हजर झाली होती. तिची वर्षाची कमाई सुनावणीत १६ हजार डॉलरच्या आसपास सांगितली गेली. कंपनीने पुढे हा आकडा त्याहून अधिक असल्याचा खुलासा केला, तथापि नोकरीच्या गावी घर करून राहावे इतका तो खचितच नव्हता. अपघाताचे मुख्य कारण म्हणून चौकशी मंडळाने कॅप्टनच्या चुकीच्या प्रतिसादावर बोट ठेवले. दोघेही थकलेले असावेत, मात्र त्या थकव्याचा अपघातात वाटा किती हे ठरविता येत नाही, असेही मंडळाने नमूद केले. तेव्हा कमी पगारामुळेच विमान पडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु ज्या व्यवस्थेत वैमानिकाला झोपेची आणि निवाऱ्याची भ्रांत पडते ती व्यवस्था निर्दोष आहे, असे म्हणण्याचे धाडसही कोणी करू नये.

तिजोरी एकीकडे, बैठक दुसरीकडे

ही व्यवस्था कशी उभी राहिली हे समजून घेणे अगत्याचे आहे. १९७८ मध्ये अमेरिकेने विमान वाहतुकीवरील सरकारी नियंत्रण उठविले. स्पर्धा वाढली, भाडी उतरली आणि लहान गावांची उड्डाणे मोठ्या विमानांना परवडेनाशी झाली. ती कामे मोठ्या कंपन्यांनी हळूहळू प्रादेशिक कंपन्यांकडे सोपविली. वेळापत्रक मोठी कंपनी ठरविते, भाडे तीच आकारते, तिकीटही तीच विकते. प्रादेशिक कंपनीने ठरलेल्या मोबदल्यात विमान आणि वैमानिक पुरवायचे. २०१० च्या दशकात अमेरिकेतील सुमारे चाळीस टक्के उड्डाणे अशा कंपन्यांच्या हाती होती. म्हणजे हे काही आडवाटेचे किरकोळ काम नव्हे.

साहजिकच प्रश्न उद्भवतो तो हा, की वैमानिकाने पगारवाढ मागायची कोणाकडे? बैठकीला समोर बसते ती प्रादेशिक कंपनी. तिचे उत्पन्न करारान्वये बांधलेले. भाडे वाढविण्याचा अधिकार तिला नाही. पगार वाढविला तर मोबदला महाग होतो आणि मुदत संपताच मोठी कंपनी तेच काम अधिक स्वस्त बोली लावणाऱ्याला देते. तिजोरीची किल्ली ज्याच्या कमरेला आहे तो वाटाघाटींच्या खोलीत पाऊलही टाकीत नाही, आणि जो खोलीत बसला आहे त्याचे हात बांधलेले आहेत. कंत्राटाच्या आडून चालणाऱ्या कारभाराचा हा अनुभव आपल्याकडील वाचकालाही अपरिचित नाही.

त्यात कायद्याची वाट लांबची. अमेरिकेतील विमान कर्मचाऱ्यांना १९२६ चा रेल्वे कामगार कायदा १९३६ पासून लागू आहे. त्यानुसार कराराची मुदत संपली तरी करार संपत नाही. नवा होईपर्यंत जुन्याच अटी चालू राहतात. राष्ट्रीय मध्यस्थ मंडळाने तोडगा अशक्य म्हणून पक्षांना मोकळे केल्यावाचून आणि त्यानंतर ३० दिवस लोटल्यावाचून संप करता येत नाही. शिवाय राष्ट्राध्यक्ष आणीबाणी मंडळ नेमून तो आणखी लांबवू शकतात. प्रवाशांची गैरसोय टाळण्याचा हेतू स्तुत्य आहे. परंतु जुन्या पगारावर ज्याचे भागत नाही त्याच्या दृष्टीने लांबलेला प्रत्येक महिना हा तोट्याचाच असतो.

संप आणि त्याची किंमत

तरीही संप झाले. डेल्टाच्या मालकीच्या कॉमेअर या कंपनीच्या वैमानिकांनी २००१ मध्ये ८९ दिवसांचा संप केला आणि पगारवाढ मिळविली. परंतु २००५ मध्ये डेल्टा आणि कॉमेअर दोघींनीही दिवाळखोरीच्या न्यायालयाचा आश्रय घेतला आणि सप्टेंबर २०१२ मध्ये डेल्टाने कॉमेअर बंदच केली. याचे कारण केवळ संप हेच होते असे नव्हे. पण धडा मात्र सर्वांनी तोच घेतला. २०१३ मध्ये अमेरिकन समूहातील पीएसएच्या वैमानिकांनी मोठी विमाने आपल्याकडे यावीत म्हणून सवलतींचा करार पत्करला. २०१४ मध्ये त्याच समूहातील एन्व्हॉयच्या वैमानिकांनी तसाच प्रस्ताव फेटाळला, तेव्हा विमाने दुसऱ्या कंपनीकडे जातील ही ताकीद त्यांना अगोदरच मिळालेली होती. एकाच घरातील दोन भावांना परस्परांविरुद्ध बोली लावायला बसविण्याचा हा प्रकार होता.

याचा दोष एकट्या व्यवस्थापनाच्या माथी मारणे मात्र न्याय्य होणार नाही. मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांनी आपल्या करारांत अशी कलमे घालून घेतली, की प्रादेशिक विमानात ७६ हून अधिक आसने असू नयेत. आपल्या नोकऱ्यांचे रक्षण त्यांनी केले. पण कुंपणापलीकडे स्वस्त श्रमाचा एक स्वतंत्र वर्ग निर्माण झाला, याकडे फार काळ डोळेझाक केली. कुंपणापलीकडून मोठ्या कंपनीत येणाऱ्या कॅप्टनलाही तेथे ज्येष्ठतेच्या यादीत तळापासून आरंभ करावा लागतो.

तास मोजले, पगार नाही

बफेलोच्या मृतांच्या नातेवाईकांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि २०१० मध्ये नवा कायदा झाला. त्यानुसार २०१३ पासून सहवैमानिकालाही साधारणतः १५०० तासांच्या उड्डाणाची अट लागू झाली. लष्करी वैमानिकांना आणि विमानविद्येच्या पदवीधरांना तीत काही सूट आहे. विश्रांतीचे नवे नियम २०१४ पासून अमलात आले. येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी लागते. अपघातग्रस्त विमानाच्या दोन्ही वैमानिकांचे उड्डाणाचे तास १५०० हून अधिकच होते! कायद्याने तास मोजले, पगाराला हात लावला नाही.

तथापि जे कायद्याने केले नाही ते टंचाईने केले. शिक्षणावर लाखभर डॉलर खर्च करून, वर्षानुवर्षे तास जमवून, अखेर तुटपुंज्या पगारावर रुजू व्हायला तरुण तयार होईनात. रिपब्लिक कंपनीने २०१५ च्या करारात सहवैमानिकाचा आरंभीचा दर तासाला ४० डॉलर केला; पुढल्याच फेब्रुवारीत वैमानिकांची टंचाई हे एक कारण देत तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. मार्च २०२२ मध्ये स्कायवेस्टने २९ लहान गावांची सेवा सोडण्याची नोटीस दिली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये एन्व्हॉय आणि पीडमॉण्ट यांनी सहवैमानिकाचा आरंभीचा दर तासाला ९० डॉलरवर नेला. वैमानिकाला पगार मिळतो तो विमान जागेवरून हलल्यापासून ते पोहोचून उभे राहीपर्यंतच्या तासांचा. महिन्याला असे ७५ तास धरले तर वर्षाचे ८१ हजार डॉलर होतात. वर्षानुवर्षे जे 'अशक्य' म्हणून सांगितले जात होते ते काही आठवड्यांत शक्य झाले. पैसा नव्हता असे नव्हे. देण्याची निकड नव्हती, इतकेच.

व्यवस्थापने १५०० तासांच्या अटीला दोष देतात. या अटीने वैमानिकांचा ओघ आटला आणि लहान गावे उघडी पडली, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्यात तथ्यांश नाही असे नाही. परंतु पगार वाढताच उमेदवार परत येऊ लागले, याचे उत्तर त्यांच्यापाशी नाही.

खरी चिंता वेगळीच आहे. २०२२ च्या त्या वाढीतील मोठा भाग ऑगस्ट २०२४ पर्यंतच्या मुदतीचा, हंगामी म्हणून दिला गेला होता. २०२४ पासून मोठ्या कंपन्यांची भरती मंदावली आणि टंचाईची धारही बोथट झाली. टंचाईने दिलेले सुबत्ता हिरावून घेते. कराराने दिलेले तेवढे सहज जात नाही. म्हणून आज गरज आहे ती बैठकीची मांडणी बदलण्याची. प्रादेशिक कंपनी मोठ्या कंपनीच्या मालकीची असेल तेथे मालकानेच वाटाघाटींना बसावे. ती स्वतंत्र असेल तेथे कामाचा मोबदला ठरवितानाच वैमानिकांच्या वेतनाचा किमान दर्जा त्या करारात लिहिला जावा. यामुळे तिकीट काही डॉलरांनी महागेल, आणि एखाद्या गावाची फेरी कमीही होईल. ते भाडे प्रवाशाने किंवा सरकारने उघडपणे द्यावे. वैमानिकाच्या झोपेतून ते वसूल करू नये.

काम कंत्राटाने देता येते. जबाबदारी कंत्राटाने देता येत नाही. विमानावर ज्याचे नाव आहे, त्याने विमान चालविणाऱ्याच्या पगाराच्या कागदावरही सही केली पाहिजे.