रोपवाटिकेचा खरा पत्ता

मृगाचा पाऊस पडला की कोकणातील रोपवाटिकांचा हंगाम सुरू होतो. वर्षभर जोपासलेली आंब्याची व काजूची कलमे जून-जुलैच्या मोजक्या आठवड्यांत विकली जावी लागतात; कारण बागाईतदार नवी लागवड याच दिवसांत हाती घेतो. या अवधीत गिऱ्हाईक फिरकले नाही तर कलमे पिशव्यांतच वाढतात, त्यांची मुळे तळाशी गुंडाळली जातात आणि पुढील वर्षी त्यांचा दर्जा पूर्वीचा राहत नाही. गिऱ्हाइकास आपले ठिकाण वेळेवर सापडणे हा म्हणून रोपवाटिकाधारकाच्या वर्षाच्या कमाईचा प्रश्न असतो.

पूर्वी हे ठिकाण माणसे एकमेकांस सांगत. हल्ली पुण्याहून वा साताऱ्याहून कलमे नेण्यास निघालेला मनुष्य प्रथम मोबाइल हाती घेतो आणि ‘दापोली आंबा कलम’ असे दोन-तीन शब्द लिहून गूगलच्या नकाशावर शोध घेतो. जी तीन-चार नावे आरंभी दिसतील, त्यांपैकी एकीकडे तो गाडी वळवितो. स्वतःचे मातृवृक्ष राखणारी, परंतु आतल्या वाडीत वसलेली परवानाधारक रोपवाटिका त्या नावांत नसेल, तर त्याच्या लेखी ती अस्तित्वातच नसते.

यात नुकसान केवळ विक्रेत्याचे होत नाही. कलमाचा अस्सलपणा नुसती पाने पाहून नवख्या गिऱ्हाइकास ओळखता येत नाही. हापूस म्हणून लावलेल्या झाडास निराळेच फळ धरले, तर ते चार-पाच वर्षांनी कळते. तोवर जमीन, पाणी, खत आणि मेहनत खर्ची पडलेली असते. म्हणूनच १९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांस परवाना आवश्यक केला. नकाशावर नाव येण्यास मात्र हा परवाना लागत नाही. गूगलकडून जी पडताळणी होते, ती धंदा खरोखर आहे व नोंद करणारा त्याचा चालक आहे एवढ्यापुरती असते. कलम कोणत्या झाडाचे, हे ती पाहत नाही. सचोटीच्या रोपवाटिका नकाशावर नसतील, तर ती जागा इतरांस आयती मिळते.

‘चांगल्या मालास जाहिरात लागत नाही’ असे अनेक जुने रोपवाटिकाधारक म्हणतात. पंचक्रोशीपुरते ते खरे आहे, कारण तेथे माल व माणूस दोन्ही परिचयाचे असतात. परंतु दूरच्या जिल्ह्यातील गिऱ्हाइकाच्या कानी ही कीर्ती पोहोचत नाही. शिवाय, आपला खरा पत्ता योग्य ठिकाणी लिहून ठेवणे याला जाहिरात म्हणताच येत नाही. गावच्या फाट्यावर पाटी लावण्यासारखेच ते काम आहे.

ही नोंद ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ या नावाने होते. २०२१ पूर्वी तिला ‘गूगल माय बिझनेस’ म्हणत. तीस शुल्क पडत नाही. स्थानिक शोधात कोणाचे नाव वर दाखवावयाचे, हे मुख्यतः तीन गोष्टींवरून ठरते, असे गूगलनेच सांगितले आहे: शोधलेल्या शब्दांशी धंद्याची जुळणी, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि त्या धंद्याची ख्याती. पैसे देऊन जाहिरात निराळी करता येते. पण या स्थानिक यादीतील क्रमांक विकत मिळत नाही. अंतर कोणाच्याच हाती नाही. जुळणी आणि ख्याती यांसाठी मात्र बरेच करता येते, आणि त्यात कोणतीही चलाखी लागत नाही.

जुळणीसाठी नोंद पूर्ण व नेमकी असावी. धंद्याचा प्रकार ‘दुकान’ किंवा ‘बाग’ असा मोघम न निवडता ‘रोपवाटिका’ हाच निवडावा. नाव पाटीवर असेल तेच द्यावे. नावापुढे ‘स्वस्त हापूस कलमे’ अशी शेपटे जोडणे नियमबाह्य असून त्यामुळे नोंद बंद पडण्याचा धोका असतो. कोणत्या जातींची कलमे मिळतात ते वर्णनात स्पष्ट लिहावे. ‘रत्ना’ आंबा किंवा ‘वेंगुर्ला-४’ काजू शोधणाऱ्यास नुसत्या ‘सर्व प्रकारची रोपे’ या शब्दांचा काय उपयोग? परवाना क्रमांकही तेथे अवश्य द्यावा.

पत्त्याबाबत विशेष दक्षता हवी. भारतात पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. श्रीराम भिकाजी वेलणकर हे तिचे जनक. एकसारखी नावे असलेल्या गावांमुळे टपालाचा होणारा घोटाळा तिने पुष्कळ कमी केला. तथापि ग्रामीण भागात एका पिन कोडखाली अनेक गावे येतात. वडगाव वा पिंपळगाव नावाची गावे तर राज्यात कितीतरी आहेत. यास्तव वाडी, गाव, तालुका व जिल्हा हे सर्व लिहून, नकाशावरील खूण रोपवाटिकेच्या प्रत्यक्ष फाटकावर आणून ठेवावी. खूण ओढ्यापलीकडे पडली, तर पावसाळ्यात गिऱ्हाइकाची गाडी चिखलात रुतते आणि ते पुन्हा येत नाही. उघडण्याच्या वेळा आणि दूरध्वनी क्रमांक हंगामापूर्वी एकदा तपासावे. नकाशा वापरणारा कोणीही नोंदीत बदल सुचवू शकतो, म्हणून हे काम दरवर्षीचे समजावे.

ख्यातीचा मोठा भाग गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांतून येतो. येथेच मोह उत्पन्न होतो. आप्तेष्टांकडून स्तुती लिहवून घेणे, अभिप्रायाच्या बदल्यात एखादे रोप फुकट देणे किंवा शेजाऱ्याच्या नावे निंदा लिहिणे, हे प्रकार गूगलच्या नियमांस धरून नाहीत. भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक प्रसिद्ध केले, त्यामागे खोट्या अभिप्रायांस आळा घालण्याचाच हेतू आहे. सरळ मार्ग असा की, कलमे नेणाऱ्या प्रत्येकास ‘जे वाटले ते लिहा’ एवढेच सांगावे आणि तक्रार आल्यास तिला सौजन्याने व वेळेवर उत्तर द्यावे. वाचणारा मनुष्य तक्रारीइतकेच ते उत्तरही पाहतो. दोन वर्षांपूर्वी नेलेली कलमे कशी जोमाने वाढली याचे गिऱ्हाइकाने टाकलेले एक छायाचित्र शंभर विशेषणांहून अधिक बोलते.

शेवटची सूचना मालकीविषयी. ‘पहिला क्रमांक मिळवून देतो’ किंवा ‘नोंदणीचे पैसे भरा, नाही तर नाव निघेल’ असे दूरध्वनी रोपवाटिकाधारकांस येतात. अशी हमी कोणी देऊ शकत नाही आणि असे शुल्कही नसते. घरातील शिकल्या मुलाकडून वा मुलीकडून नोंद करवून घ्यावी. परक्याची मदत घेतलीच, तर त्यास व्यवस्थापक म्हणून जोडावे, मालकी आपल्याकडेच ठेवावी. सातबारा दुसऱ्याच्या नावे करून कोणी शेती करीत नाही.

या कामी कृषी खात्यानेही पुढाकार घ्यावा. परवान्याच्या नूतनीकरणासाठी रोपवाटिकाधारक खात्याकडे येतो, तेव्हाच त्याच्या नोंदीतील गाव, खूण व परवाना क्रमांक पाहून देणे कठीण नाही. गावातील चार रोपवाटिकांच्या नोंदी खऱ्या व पूर्ण असल्या, तर बाहेरचा गिऱ्हाईक त्या गावी भरवशाने येऊ लागतो आणि त्याचा लाभ चौघांसही होतो. उलट एकाने फसविले, तर त्या वाटेने पुन्हा कोणी येत नाही. पुढील मृगापूर्वी उन्हाळ्याचे दिवस हाती आहेत. कलमांस पाणी देता देता ही एक नोंदही नीट करून घ्यावी.