हाजीअलीच्या मॉलचा पंचवीस वर्षांचा ताळेबंद

मुंबई - माणसांची गर्दी आवरेना म्हणून ज्या मॉलच्या दारावर एकेकाळी अटी घालण्यात आल्या, त्याच मॉलची वास्तू २०२४ साली बँकेच्या थकीत कर्जाच्या तडजोडीत नव्या हाती गेली. हाजीअलीनजीक तारदेव येथील 'क्रॉसरोड्स'चा हा प्रवास देशातील अनेक छोट्या मॉलच्या वाट्याला आलेल्या भवितव्याची कल्पना देणारा आहे.

पिरामल समूहाने १९९३ साली रोश या औषध कंपनीचा भारतातील व्यवसाय घेतला, तेव्हा तारदेवची मोक्याची जागाही त्यासोबत आली. या जागेवर १९९९ साली सुमारे दीड लाख चौरस फुटांचा मॉल उभा राहिला. सरकते जिने, वातानुकूलन आणि एका छताखाली मांडलेली दुकाने हे त्या काळी मुंबईकरांसाठी अप्रूप होते. साहजिकच लोक लोटले. मात्र त्यातील बरेचसे खरेदीसाठी आले नव्हते, ते मॉल 'पाहायला' आले होते. मग मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, अन्यथा प्रवेशशुल्क भरा, असा नियम करण्यात आला. मोबाइल ही तेव्हा मूठभरांकडची वस्तू होती. टीका झाल्यावर नियम मागे पडला, पण संचालकांची समजूत त्यातून उघड झाली. न विकत घेणारा माणूस म्हणजे अडचण, असे त्यांनी गृहीत धरले. वस्तुतः आज हिंडायला आलेलाच उद्या ग्राहक होतो, हे मंडईतल्या कोणत्याही भाजीवाल्याला ठाऊक असते.

अप्रूप फार काळ टिकत नाही. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात याच सुमारास नवा बाजार आकार घेत होता. गिरणीची जमीन ऐसपैस असल्याने तेथे टप्प्याटप्प्याने वाढ करता आली. आधी गेमिंग व खाद्यगृहे, मग 'बिग बझार', चित्रपटगृहे आणि पुढे महागड्या परदेशी ब्रँडचे 'पॅलॅडियम', असा तो विस्तार झाला. मोठ्या मॉलमध्ये कुटुंब तीन-चार तास रमते, जेवते, सिनेमा पाहते आणि जाता जाता खरेदी करते. दीड लाख चौरस फुटांत हा सगळा पसारा बसविणे अवघड. मालाड, मुलुंड येथेही २००३-०४ च्या सुमारास मॉल सुरू झाल्यावर उपनगरांतील ग्राहकाला हाजीअलीपर्यंत येण्याचे कारण उरले नाही.

लहान आकार हेच अपयशाचे एकमेव कारण मानता येत नाही. क्रॉसरोड्सपासून हाकेच्या अंतरावरील 'हिरा पन्ना' हे त्याहून जुने आणि चिंचोळ्या गाळ्यांचे व्यापारी संकुल मॉलनंतरही चालू राहिले. तेथे घड्याळे, पर्फ्यूम, मोबाइलचे सुटे भाग घेणारा ठराविक ग्राहक आहे आणि दुकानदार स्वतः गल्ल्यावर बसतो. मॉलला असा स्वतःचा ग्राहक घडविता आला नाही.

पुढे किशोर बियाणी यांच्या फ्यूचर ग्रुपने ही वास्तू घेऊन तिचे 'सोबो सेंट्रल' केले. त्यामुळे मॉलचे नशीब एकाच समूहाशी बांधले गेले. ऑनलाइन खरेदी आणि कोरोनाची टाळेबंदी यांनी आधीच रोडावलेली वर्दळ संपविली. समूहाचा व्यवसाय रिलायन्सला २४,७१३ कोटी रुपयांस विकण्याचा ऑगस्ट २०२० मध्ये जाहीर झालेला करार अॅमेझॉनशी झालेल्या वादानंतर एप्रिल २०२२ मध्ये मोडला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये फ्यूचर रिटेलविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. मॉलवरील सुमारे ५७१ कोटींचे थकीत येणे २०२४ साली ४७६ कोटींना मिटले. ही रक्कम भरणाऱ्या के. रहेजा कॉर्पकडे मॉल गेला. दुकाने ओस पडली तरी दक्षिण मुंबईतील जमिनीचा भाव पडत नसतो. मॉल सावरण्याची निकड कोणालाच फारशी न वाटण्यामागे हेही एक कारण असावे.

मध्यवर्ती उपनगरांतील मॉलचे दुखणे निराळे. भांडुपच्या 'ड्रीम्स' मॉलमधील गाळे हजारांवर लोकांना विकलेले होते. मालक इतके असल्यावर कोणत्या मजल्यावर कोणते दुकान असावे हे ठरविणारा कोणी उरत नाही आणि देखभालीचा वाली तर नाहीच. मार्च २०२१ मध्ये तेथे आग लागली, तेव्हा वरच्या मजल्यावरील रुग्णालयातील रुग्णांचा बळी गेला. अर्धवट रिकामे मॉल अग्निसुरक्षेच्या दृष्टीने किती धोक्याचे आहेत, हे त्या रात्री दिसले.

या उलाढालीत काम करणाऱ्यांचा हिशेब कुठेच मांडला जात नाही. गिरण्या बुडाल्या तेव्हा कामगारांचा जमिनीवरील हक्क निदान वादाचा विषय झाला. दीर्घ लढ्यानंतर म्हाडाच्या सोडतीतून काहींना घरे मिळाली. मॉलमधील विक्रेते, सुरक्षारक्षक, सफाई कामगार यांची नेमणूक कधी ब्रँडकडून, कधी ठेकेदाराकडून होते. मॉल बंद पडला की त्यांनी कोणाकडे दाद मागावी, याचे उत्तर ना दुकानाच्या करारात असते, ना बँकेच्या तडजोडीत.