मुठीतल्या मुंग्या

आखाडा बाळापुरात सकाळच्या वेळी नांदेड-हिंगोली रस्त्याच्या कडेला उभे राहिले, तर मोटारसायकलींच्या गर्दीतही सायकली दिसतातच. पाठीवर दप्तर घेतलेल्या मुली, दुधाच्या कॅनी अडकवलेले दूधवाले, डबा घेऊन कामाला निघालेले मजूर. यांतले कितीतरी जण चालत्या सायकलीवर एक हात सोडून झटकताना मी पाहतो. मग दुसरा हात झटकतात. विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘काही नाही, मुंग्या आल्यात. होईल सवय.’

माझे म्हणणे एवढेच, की ही सवय होऊ देऊ नये. हाताला मुंग्या येणे हा हाताचा दुबळेपणा नाही. शरीराचा भार भलत्या जागी पडतो आहे, अशी ती तक्रार असते. ती ऐकली तर इलाज बहुधा सायकल दुकानातल्या पान्याने होतो. ऐकली नाही तर मात्र प्रकरण डॉक्टरांपर्यंत जाते.

तळहाताकडे नीट पाहा. करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या जरा वर मांसाचा जो उंचवटा असतो, त्याच्या मुळाशी एका अरुंद बोळातून एक शीर जाते. शीर म्हणजे रक्ताची नव्हे, संवेदना वाहणारी. फ्रेंच शल्यविशारद ग्यूयों यांनी १८६१ साली या बोळाचे वर्णन केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. सायकलची मूठ नेमकी याच जागी रुतते. मग करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल, तर दाब मनगटाच्या मधोमध जाणाऱ्या दुसऱ्या शिरेवर आहे, असे समजावे. मनगट वाकवून मूठ धरणाऱ्यांना हा त्रास जास्त. म्हणजे कोणते बोट बधिर झाले, यावरूनच दुखण्याचा पत्ता लागतो.

दाब रोजचा आणि दीर्घकाळचा झाला, की नुसत्या मुंग्यांवर भागत नाही. चिमटीतली ताकद जाते. शर्टाची गुंडी लावणे, किल्ली फिरवणे जड जाते. आणि त्याही आधीचा धोका रस्त्यावरचा. मागून ट्रक येत असताना बधिर बोटे ब्रेकवर वेळेवर आवळली गेली नाहीत, तर पुढचे सांगायला नको.

आता हा भार हातावर येतो कसा? पहिले कारण सीटचे. सीटचे टोक पुढे झुकलेले असले, की अंग सारखे पुढे घसरते आणि त्याला थोपवून धरण्याचे काम दोन तळव्यांवर पडते. दुसरे कारण मापाचे. आपल्याकडे घरात एक सायकल आणि चालवणारे चार. वडिलांच्या उंचीला लावलेली सीट मुलगा तशीच वापरतो आणि हँडलपर्यंत पोचायला हात ताणतो. तिसरे कारण रस्त्याचे. खड्डे, खडी, त्यात दगडासारखी टणक हवा भरलेली चाके. प्रत्येक हादरा थेट मनगटात येतो. चौथे कारण ओझ्याचे. पिशवी हँडलला अडकवली, की ते सावरायला मूठ अधिकच घट्ट आवळावी लागते.

उपाय त्याच क्रमाने करावेत. सीटवर एक सपाट फळी ठेवून ती जमिनीला समांतर आहे का, ते पाहावे. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा, ही उंची साधारण बरोबर. हँडल सीटच्या बरोबरीने किंवा किंचित वर असावे. कोपरे थोडी वाकलेली आणि मनगट सरळ ठेवावे. ताठ हातातून हादरा खांद्यापर्यंत जातो. मूठ पाखरू धरावे तशी धरावी, सुटू नये आणि चुरडूही नये. दर पाच-दहा मिनिटांनी हाताची जागा थोडी बदलावी. मुठीचे रबर झिजले असेल, तर नवे घालावे. हवा टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यापुढे नेऊ नये. ओझे कॅरिअरवर, दोन्ही बाजूंना सारखे बांधावे. गादीचे हातमोजे उपयोगी पडतात, पण ते शेवटी. सीट वाकडी ठेवून मोजे घालणे म्हणजे गळक्या छपराखाली घमेले ठेवणे.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पुरी केली. अशा शर्यतींत उतरणारे आधी सायकल आपल्या अंगाच्या मापाला बसवून घेतात. रोज शाळेत जाणाऱ्या पोरीने तेच का करू नये? मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या आणि कितीतरी जणींची शाळा सुटायची राहिली. पण आठवीतली मुलगी दहावीत जाईपर्यंत उंचीने वाढते. सीट मात्र पहिल्या दिवशी लावली तिथेच राहते. वर्षातून दोनदा शाळेच्या मैदानावर गावातल्या सायकल दुरुस्तीवाल्याला बोलावून प्रत्येक सायकल तिच्या मालकिणीच्या मापाला लावून घेता येईल. त्याला सरकारी आदेशाची वाट कशाला पाहायची?

एक गोष्ट मात्र निक्षून सांगायला हवी. सायकलवरून उतरल्यावर थोड्या वेळात मुंग्या गेल्या, तर दोष सायकलचा. पण त्या रात्रीही राहिल्या, सायकल न चालवताही आल्या किंवा हातातून वस्तू पडू लागल्या, तर डॉक्टरांकडे जावे. त्यामागे मधुमेह असू शकतो, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव असू शकते. अंगावर फिकट, संवेदना नसलेला चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. हा रोग कोपराजवळच्या, करंगळीकडे जाणाऱ्या शिरेला बऱ्याचदा धरतो. बाबा आमटे यांनी १९८५ साली तरुणांना सायकलींवर घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली. त्यांचे आयुष्य कुष्ठरुग्णांच्या सेवेत गेले, त्यामुळे या रोगाबद्दल लपवण्यासारखे काही नाही हे महाराष्ट्राला पुन्हा सांगावे लागू नये. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, सहा महिने ते वर्षभर घेतले की रोग बरा होतो. उशीर झाला तर मात्र गेलेली बोटांची ताकद परत येईलच असे नाही.

चप्पल घेताना आपण दुकानात चार पावले चालून पाहतो. सायकलही तशीच अंगाला लावून घ्यावी. आज रविवार आहे. घरातल्या सायकलीची सीट सरळ आहे का, एवढे तरी पाहून घ्या.