लस टाळणारे सारेच अडाणी होते काय?

२०२१ साली लस घेण्यास कचरणाऱ्यांना सरसकट अडाणी ठरविण्यात आले. ते न्याय्य नव्हते. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांतील अंतर आधी ४ ते ६ आठवडे होते. मार्चमध्ये ते ६ ते ८ झाले, १३ मे रोजी १२ ते १६. कारण शास्त्रीय सांगितले गेले, पण लशींची टंचाई सर्वांना दिसत होती. कडेगावसारख्या ऊसपट्ट्यातील मजुराला लशीनंतरचा ताप म्हणजे बुडालेली रोजी. श्रद्धावंतांना आणखी एक गोष्ट खटकत होती: कोव्हिशील्डच्या निर्मितीत दशकांपूर्वीच्या गर्भपातित भ्रूणापासून वाढविलेल्या पेशींचा वापर. पर्याय नसल्यास अशी लस घेणे नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह आहे, असा निर्वाळा व्हॅटिकनने २१ डिसेंबर २०२० रोजीच दिला होता. लसीकरण ऐच्छिक असावे, हेही त्याच निवेदनात होते. दोन्ही गोष्टी सारख्याच मोकळेपणाने सांगितल्या असत्या, तर शंका विचारणारे काही जण कदाचित केंद्रापर्यंत आले असते.