स्वमग्नतेची पाटी गाडीवर कशाला?

अमेरिकेतल्या राज्यांच्या विधिमंडळांपुढे स्वमग्न व्यक्तींसाठी वेगळ्या नंबर प्लेटचे प्रस्ताव अधूनमधून येत असतात. त्यामागे दोन हेतू दिसतात. एक जनजागृतीचा: गाडीमालक हौसेने जादा शुल्क भरून अशी प्लेट घेतो आणि त्यातून स्वमग्नतेच्या कामाला निधी मिळतो. दुसरा सुरक्षेचा: पोलिसाने गाडी अडवली आणि चालकाने नजर चुकवली, उत्तर दिले नाही किंवा विचारलेला प्रश्नच पुन्हा म्हटला, तर तो नशेत आहे किंवा उर्मट आहे असा समज होऊ नये. हा दुसरा हेतू आपल्या कामाच्या अगदी जवळचा आहे. ‘आपल्याकडे असे का नको?’ असे एखाद्या पालकाने विचारले, तर विशेष शिक्षक, मानसशास्त्रज्ञ आणि थेरपिस्ट म्हणून आपल्यापाशी विचारपूर्वक ठरवलेले उत्तर हवे. आमचे उत्तर असे: काळजी रास्त आहे, पण जागा चुकली आहे.

आधी कायद्याचे पाहू. आपल्याकडे नंबर प्लेटचा आकार, रंग आणि अक्षरे केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ठरतात. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेटच लागते. ‘४१४१’चे ‘दादा’ करणाऱ्यालाही त्यामुळे दंड होतो. तेव्हा मुंबईत विधेयक आणून धुळ्याच्या एमएच १८ किंवा जळगावच्या एमएच १९ शेजारी एखादे चिन्ह उमटवता येईल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. मात्र याच नियमांत ऑक्टोबर २०२० मध्ये एक उपयोगी दुरुस्ती झाली. गाडीच्या नोंदणी अर्जात, म्हणजे नमुना २० मध्ये, मालकीच्या प्रकारांत ‘दिव्यांगजन’ हा प्रकार आला. म्हणजे नोंद दप्तरात राहते, रस्त्यावर मिरवत नाही. टेक्सासने २०१९ च्या सॅम्युअल ॲलन कायद्याने हीच दिशा घेतली: संवादाची अडचण असल्याची माहिती चालक स्वेच्छेने नोंदणीच्या वेळी देतो आणि गाडी अडवणाऱ्या पोलिसाला ती यंत्रणेत दिसते. कनेक्टिकटने २०२० मध्ये त्याहून सोपा मार्ग काढला. गाडीची कागदपत्रे एका निळ्या पाकिटात ठेवायची. चालकाने आणि पोलिसाने कसे वागावे याच्या सूचना त्या पाकिटावरच छापलेल्या असतात.

प्लेटची खरी अडचण अशी की ती गाडीला चिकटते, माणसाला नाही. बाप एकटा बाजार समितीत गेला तरी पाटी सोबत जाते. मूल आजीबरोबर एसटीने निघाले तर ती घरी राहते. शिवाय ती सगळ्या गल्लीला दिसते. बहिणीच्या स्थळाची बोलणी चालू असताना घरातल्या मुलाचे निदान दारातल्या गाडीवर लिहावे, असा आग्रह आपण कोणत्या तोंडाने धरणार? निदान कोणाला, केव्हा सांगायचे हे त्या व्यक्तीने आणि तिच्या कुटुंबाने ठरवायचे आहे.

आणि खान्देशातले मूल प्रवास करते तरी कशाने? मोटारसायकलवर आईबापांच्या मध्ये बसून, एसटीने, काळीपिवळीने. चोपड्याहून जळगावला किंवा साक्रीहून धुळ्याला थेरपीसाठी येणाऱ्या कितीतरी घरांत चारचाकी नाही. त्या मुलाचा छळ होतो तो मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांचा, हेल्मेटच्या दाबाचा आणि सुरत–नागपूर महामार्गावरच्या हॉर्नचा. मेल्टडाऊन होतो तेव्हा समोर कंडक्टर असतो, सहप्रवासी असतात, क्वचित नाकाबंदीवरचा शिपाई असतो. ‘पोराला वळण नाही’ हा त्यांचा निष्कर्ष एका प्लेटने बदलणार नाही.

आपल्या हातात कायद्याने दिलेले साधन आहेच. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हती; १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला २१ दिव्यांगत्वांत स्थान दिले. युडीआयडी कार्ड त्यावरच मिळते. पण कार्ड टक्केवारी सांगते, वागणूक सांगत नाही. आयएसएए मापनात ४० बाबी तपासून ७० किंवा अधिक गुण आले की स्वमग्नता धरली जाते. खांद्यावर अनोळखी हात पडला तर हे मूल पळेल, चावेल की जमिनीवर बसेल, हे त्या गुणांत कुठे आहे? ते आपल्यालाच ठाऊक असते, आणि आपण ते केस फाईलमध्ये, बहुधा इंग्रजीत, बंद करून ठेवतो.

म्हणून हे काम आपले आहे. प्रत्येक मुलासाठी आणि प्रौढासाठी एक पानाचे प्रवासपत्रक करावे: त्याला कशी हाक मारावी, काय करू नये, तो किती वेळात शांत होतो, कोणाला फोन करावा. मजकूर मराठीत असावा. घरची बोली अहिराणी किंवा पावरी असेल तर तसे लिहावे, कारण घाबरलेल्या मुलाला प्रमाण मराठीतला हुकूम परका वाटतो. निदानाचा उल्लेख करायचा की नाही, हे कुटुंबावर सोडावे. दुसरे, हेल्मेट घालणे, रांगेत थांबणे, कार्ड दाखवणे ही थेरपीची उद्दिष्टे मानावीत आणि ती खोलीत नव्हे, बसस्थानकावर शिकवावीत. तिसरे, आपापल्या गावच्या एसटी आगारात आणि वाहतूक शाखेत वर्षातून एकदा तासभराचे सत्र मागून घ्यावे. गाडी चालवू इच्छिणाऱ्या स्वमग्न प्रौढालाही विसरू नये. निदानावर बोट ठेवून त्याला परावृत्त करण्यापेक्षा त्याचे लक्ष, प्रतिक्रियेचा वेळ आणि अनपेक्षित प्रसंगी निर्णय घेण्याची क्षमता तपासून सल्ला द्यावा.

यांतल्या कशालाही अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही. वाचकांनी आपण वापरत असलेले पत्रकाचे नमुने, व्यक्तीची ओळख गाळून, आमच्याकडे पाठवावेत. त्यांतले उपयोगी नमुने पुढील अंकात छापू, म्हणजे प्रत्येकाला कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागणार नाही.